‘आधी उखडू, मग बघू’ यांस खुले पत्र

चौबे कॉलोनी, रायपूर

श्री. ‘आधी उखडू, मग बघू’ यांस,

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची आमच्या घरची पद्धत आहे. आज ती मोडते. तुमच्याविषयी माझ्या मनात प्रेम नाही, आणि जे मनात नाही ते कागदावर आणायची मला सवय नाही.

तुम्ही कोण, हे आधी वाचणाऱ्यांना सांगते. तुम्हाला चेहरा नाही, केबिन नाही, बदली नाही, निवृत्तीही नाही. सरकारं आली नि गेली, तुम्ही जागचे हलला नाहीत. जुनी गाडी बंद करायची वेळ आली की कुणीतरी विचारतं, नवी येईपर्यंत माणसं जातील कशानं? त्यावर कुणीतरी खांदे उडवतं. ते खांदे दर वेळी वेगळ्या माणसाचे असतात, पण उडवता तुम्हीच. म्हणून मी हे पत्र कुठल्या साहेबाला किंवा कुठल्या खात्याला लिहिलेलं नाही. गुन्हेगार तुम्ही आहात, आणि तुमचा गुन्हा आमच्या गावातल्या छोट्या लाइनवर मी स्वतः पाहिला आहे.

छोटी लाइन. रायपुरात तिला दुसरं नाव नव्हतं. नॅरोगेज हा शब्द कागदावरचा. मुंबई–हावड्याची ती बडी लाइन आणि धमतरीला जाणारी ती छोटी लाइन. छत्तीसगडी बोलणारे, हिंदी बोलणारे आणि आम्ही तात्यापाऱ्यातले, बुढापाऱ्यातले, चौबे कॉलोनीतले मराठी, सगळे तिला एकाच नावानं हाक मारायचो. दोन रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. शेजारच्या बड्या लाइनीचं साडेपाच फूट. बंगाल नागपूर रेल्वेनं ती १९०० साली सुरू केली. पाठोपाठचे दोन दुष्काळ सोसून हा मुलूख तेव्हा नुकता उठत होता. त्याच वर्षी मराठी घरातल्या माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं. ते मासिक फार वर्षं टिकलं नाही, पण छत्तीसगडच्या पत्रकारितेचा इतिहास सांगताना आजही सुरुवात तिथूनच होते. छोट्या लाइनीनं तर शंभराहून जास्त वर्षं माणसं वाहिली, आणि तिचं नाव घ्यायला आता जुनी माणसं शोधावी लागतात.

ती कुठून कुठे जायची, हे तुम्हाला नकाशावर ठाऊक असेल. मी पायांनी ठाऊक असलेलं सांगते. रायपूर सोडलं की तेलीबांधा, मग माना, पुढे केंद्री, मग अभनपूर. अभनपूरला दोन वाटा फुटायच्या. एक कुरूदवरून धमतरीला, भाताच्या आणि सागवान-सालाच्या मुलखात. दुसरी माणिकचौरीवरून राजीमला, जिथं महानदी, पैरी आणि सोंढूर एकत्र येतात आणि राजीवलोचनाचं देऊळ आहे. माघी पुनवेच्या जत्रेला आजी आम्हा नातवंडांना याच गाडीनं न्यायची. डबा इतका अरुंद की समोरच्या बाकावरच्या बाईच्या गुडघ्याला गुडघा लागायचा, आणि अभनपूर येईपर्यंत ती कुठल्या गावची, कुणाची लेक, कुणाची सून, हे सगळं कळलेलं असायचं. बाबांची नोकरी कुरूदला होती. गाडीला उशीर झाला की आई चुलीवरचं आदण उतरवून ठेवायची आणि शिट्टी ऐकू आली की पुन्हा चढवायची.

आठवणी काढून मी तुमच्यापुढे रडायला बसले आहे, असं समजू नका. छोटी लाइन म्हातारी झाली होती, हे मी तुमच्याआधी मान्य केलं होतं. ती बड्या लाइनीच्या समुद्रातलं एक बेट होती. तिचा डबा बड्या रुळांवर चालत नव्हता आणि बड्या रुळांवरची वाघीण तिच्यावर चढत नव्हती. त्यामुळे धमतरीचं पोतं रायपूरला आलं की हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जायचं. मजुरी दुप्पट, वेळ दुप्पट. ट्रक आले आणि हा माल आधी गेला. उरली प्रवासी गाडी. अडीच फुटी गाड्यांची देशभरातली कुळं एकेक करून बंद होत गेली, तसे नवे डबे बनणं थांबलं, सुटे भाग मिळेनासे झाले. १९९२ पासून देशाचं धोरणच ठरलं होतं की सगळीकडे एकच रुंदी करायची. शहर वाढलं आणि तिच्या फाटकांवर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. फाटक पडलं की स्कूटरवर बसून मीही चरफडले आहे. ती बदलायला हवी होती, याविषयी वाद नाही.

बदलणं म्हणजे काय, इथं मात्र तुमचं नि माझं जमत नाही. घरातली जुनी गॅसची शेगडी बदलायची तर आम्ही नवी आणून जोडतो, मगच जुनी भंगारात देतो. मधल्या दिवसांत पोरांना उपाशी ठेवत नाही. तुम्ही आठ वर्षं चूल विझवून ठेवलीत.

तारखा तुमच्याच आहेत, वाचा. आधी शहराच्या आतला तुकडा गेला आणि गाडी तेलीबांध्याहून सुटू लागली. मग २०१७ मध्ये तेलीबांधा ते केंद्री हा भाग बंद झाला. त्या पट्ट्यावर एक्स्प्रेस-वे बांधायचा होता. गाडी केंद्रीहून सुटू लागली, म्हणजे रायपूरच्या माणसाला गाडी पकडायला आधी गाडी करून केंद्रीला जायचं. ज्या गाडीपर्यंत पोहोचायलाच दुसरी गाडी लागते तिला प्रवासी किती मिळणार? डबे रिकामे दिसू लागले आणि रिकामे डबे दाखवून पुढचं ठरलं. तुमच्या कामाचा हा सगळ्यात कसबी भाग आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त लागतो. आधी तुम्ही गाडीचे पाय कापता, मग ती चालत नाही म्हणून तिला दोष देता.

नव्या बड्या लाइनीवरची पहिली मेमू, म्हणजे विजेवरची लोकल गाडी, ३० मार्च २०२५ रोजी अभनपूर–रायपूर धावली. पंतप्रधानांनी बिलासपूरच्या कार्यक्रमातून तिला झेंडा दाखवला. राजीमपर्यंत गाडी पोहोचली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. धमतरीची पाळी त्यानंतरची. केंद्री ते धमतरी आणि अभनपूर ते राजीम मिळून हे काम ६७.२० किलोमीटरचं. दुर्गम घाट नाही, बर्फ नाही, समुद्र नाही. भाताची सपाट खाचरं आहेत आणि शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी भराव घालून ठेवलेली वाट आहे.

२०१७ ते २०२५. माझ्या ओळखीतली अभनपूरकडची एक मुलगी छोटी लाइन तुटली तेव्हा पाचवीत होती. मेमू आली तेव्हा तिची बारावी झाली होती. रायपूरला येऊन शिकायची तिची सगळी वर्षं नेमकी तुमच्या त्या दोन तारखांच्या मधे पडली. बसचं भाडं, अंधार पडल्यावर बसस्टँडवर उभं राहणं, आणि घरच्यांचं “राहू दे, इथंच शीक”. तुम्ही तिला अडवलं नाही, असं तुम्ही म्हणाल. तुम्ही फक्त तिची गाडी काढून घेतलीत.

आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणारी एक छत्तीसगडी दाई, म्हणजे माउली, होती. मोठी टोपली, त्यावर ओलं फडकं, चेंच भाजी, लाल भाजी, पावसाळ्यात करील, म्हणजे बांबूचे कोंब. छोट्या लाइनीत टोपली पायाशी ठेवून ती येत असे. लाइन तुटल्यावर ती बसनं येऊ लागली. बसमध्ये टोपलीचं वेगळं भाडं, टपावर चढवायचे वेगळे पैसे, आणि उतरवताना भाजी चुरडलेली. चार-पाच महिने तिनं रेटलं. मग एक दिवस म्हणाली, दीदी, आता परवडत नाही. त्यानंतर ती आली नाही. कुठल्याही प्रकल्प अहवालात तिचं नुकसान लिहिलेलं नसेल, म्हणून मी इथं लिहिते.

आणि ज्या रस्त्यासाठी हे सगळं झालं, त्याचंही सांगते. २०१९ च्या पावसाळ्यात तेलीबांध्याजवळ तो नवा रस्ता खचला. चौकशी लागली, तोडफोड झाली, पुन्हा बांधकाम झालं. ज्या मातीवरून छोटी लाइन शंभराहून जास्त पावसाळे गेली, त्याच पट्ट्यावर तुमचा रस्ता खचला. आज मी त्या रस्त्यानं जाते, सोयही होते, ते नाकारत नाही. पण शहराच्या पोटातून जाणारी, रेल्वेच्या मालकीची, सलग, रिकामी पट्टी पुन्हा या शहराला कुठून मिळणार आहे? आज मोठमोठी शहरं हजारो कोटी खर्चून घरं पाडत आहेत, जमिनीखाली बोगदे खणत आहेत, ते असल्याच एका पट्टीसाठी. आमच्याकडे ती १९०० पासून तयार होती. नवी गाडी आता मंदिर हसौदवरून, नवा रायपूरवरून वळसा घेऊन येते. तेलीबांधा सुटलं, माना सुटलं. ज्या मान्यात पूर्व पाकिस्तानातून उखडून आलेल्या निर्वासितांची छावणी वसली होती, त्या मान्याच्या नशिबी पुन्हा उखडणंच आलं.

तुम्ही म्हणाल, जुन्या गाड्या बदलायच्या तर लाइन बंद ठेवावीच लागते, जगभर तसंच होतं. मग जगातलं एक खरंखुरं बेट बघू.

इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे. तिथं राइड ते शँकलिन अशी जेमतेम १४ किलोमीटरची एक रेल्वे उरली आहे. राइडचा बोगदा इतका बुटका की नेहमीच्या गाड्या त्यातून जातच नाहीत. म्हणून १९६७ पासून तिथं लंडनच्या भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेल्या ठेंगण्या गाड्या धावतात. १९३८ च्या बनावटीच्या गाड्या तिथं जानेवारी २०२१ पर्यंत चालल्या, म्हणजे ऐंशी वर्षं ओलांडून. समुद्राची खारी हवा, गंजलेले पत्रे, सुटे भाग नाहीत. आमच्या छोट्या लाइनीसारखीच अवस्था. तिथंही कुणाला म्हणता आलं असतं, एवढ्याशा बेटावर कशाला रेल्वे, उखडा आणि रस्ता करा.

त्यांनी काय केलं? बोगदा बुटका आहे तर त्यातून जाईल अशी गाडी शोधली. लंडनच्या डिस्ट्रिक्ट लाइनीवर १९८० च्या आसपास आलेल्या आणि तिथून बाद झालेल्या गाड्यांचे सांगाडे घेतले, आतून-बाहेरून नव्यानं बांधले, आणि दोन-दोन डब्यांच्या पाच गाड्या उभ्या केल्या. मार्ग बंद ठेवून रूळ आणि फलाट दुरुस्त केले. गाड्या एकमेकींना ओलांडू शकाव्यात म्हणून ब्रॅडिंगला जुनी जोडलाइन पुन्हा घातली. तिथंही काम ठरल्या तारखेला संपलं नाही, लोक चिडले. पण ३ जानेवारी २०२१ ला थांबलेली रेल्वे १ नोव्हेंबर २०२१ ला पुन्हा धावली. दहा महिने. गाड्या बांधून देणारी कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोरीत गेली, तरी गाड्या धावत राहिल्या. म्हाताऱ्या गाड्यांपैकी एक त्याच बेटावरच्या वाफेच्या रेल्वेनं जतन केली.

दहा महिने आणि आठ वर्षं. ते काम आणि आपलं काम एकसारखं नाही, हे मला कळतं. त्यांनी रूळ तेच ठेवले, आपण रुंदी बदलली, विजेच्या तारा टाकल्या. म्हणून मी दहा महिन्यांची मागणी करत नाही. माझी तक्रार क्रमाची आहे. त्यांनी आधी ठरवलं की रेल्वे राहणार, मग गाडी शोधली. तुम्ही आधी ठरवलंत की रूळ जाणार, आणि रेल्वेचं काय ते मागाहून.

विलायतेतलं उदाहरण पटत नसेल, तर आपलंच घ्या. विदर्भातल्या छोट्या लाइनीवरची शकुंतला गाडी. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबलं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन लागलं. रूळ तेच, स्टेशनं तीच, तिकीट काढणारी माणसं तीच. म्हातारं बदलायची एक रीत ही होती, आणि ती आपल्याच मुलखातली होती. पुढे तुम्ही तिथंही पोहोचलात. गाडी थांबली, रुंदीकरणाच्या घोषणा होत राहिल्या, आणि लोकांना स्वतःची गाडी परत मागायला आंदोलनं करावी लागली. पाचोरा–जामनेरची गाडी मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. नागपूर–छिंदवाडा छोटी लाइन २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि पूर्ण मार्गावर बडी लाइन यायला पाच वर्षं गेली. खुद्द बार्शी लाइट रेल्वे, जिच्यावर १८९७ पासून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरनं अडीच फुटी रेल्वे किती भार उचलू शकते हे जगाला दाखवलं, तीही टप्प्याटप्प्यानं रुंद झाली. तिथं आज कुर्डुवाडी, पंढरपूर, लातूर बड्या लाइनीवर आहेत. रुंदीकरण हे वाईट काम नाही. तुमचा हात लागला की ते वाईट होतं.

मेमू सुरू झाल्यावर मी मुद्दाम तिच्यातून अभनपूरला गेले. गाडी चांगली आहे. दोन्ही टोकांना चालकाची खोली, त्यामुळे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडायची कटकट नाही. खिडक्या मोठ्या, पंखे चालू, दहा रुपयांत प्रवास. शेजारी एक तरुण बाई बसली होती. तिनं लेकराला खिडकीशी उभं केलं आणि सांगितलं, हे बघ रेल. त्या लेकरानं आयुष्यातली पहिली रेल्वे पाहिली होती. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी तुमचा राग आला. त्याच्या आईनं त्याच वयात छोटी लाइन पाहिली असणार. मधल्या लेकरांनी काय पाहिलं?

मी गेले तेव्हा फेऱ्या मोजक्याच होत्या. सकाळी गेलेल्याला दुपारी परतायचं असेल तर गाडी नव्हती. हेही तुमच्याच हातचं काम वाटतं, म्हणून आधीच बजावते. थोड्या फेऱ्या ठेवायच्या, अडचणीच्या वेळा ठेवायच्या, आणि दोन वर्षांनी म्हणायचं की प्रवासी मिळत नाहीत. या वेळी आम्ही मोजणार आहोत.

आता माझ्या मागण्या. एक, जुन्या लाइनीचा एकही रूळ काढण्याआधी नव्या गाडीची तारीख लिहून द्यावी आणि ती स्टेशनच्या भिंतीवर रंगवावी, म्हणजे पुसता येणार नाही. दोन, मधल्या काळात रेल्वेच्याच भाड्यात, रेल्वेच्याच पासवर बस चालवावी, आणि तिच्यात टोपली न्यायला वेगळे पैसे घेऊ नयेत. तीन, शहरातली रेल्वेची पट्टी विकू नये, मोडू नये. आज गाडी नसली तरी उद्या लागेल. चार, धमतरीपर्यंत गाडी पोहोचेल तेव्हा सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि शेवटची रात्रीची, अशा चार फेऱ्या तरी हव्यात. पाच, छोट्या लाइनीचा एक डबा अभनपूरच्या फलाटाशेजारी ठेवावा, आतल्या अरुंद बाकांसकट. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, ते चांगलंच आहे. पण अभनपूरच्या पोराला आपल्या आजीची गाडी बघायला नागपूरला जावं लागू नये.

यातली एकही मागणी महाग नाही. एकीला रंगाचा डबा लागतो, एकीला बस लागते, एकीला फक्त संयम.

धमतरीची गाडी सुटेल त्या दिवशी मी तिकीट काढून पहिल्या फेरीत बसणार आहे. कुरूद येईल तेव्हा बाबांसाठी खिडकीतून हात बाहेर काढणार आहे. त्या वेळी तुम्ही इथं नसाल, हे मला माहीत आहे. कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या एखाद्या छोट्या लाइनीच्या नकाशावर तुमचं बोट फिरत असेल. त्या गावच्या लोकांना हे पत्र तुमच्याआधी मिळावं. पाकिटात घालून तुम्हाला न धाडता ते खुलं लिहिलं, ते एवढ्याचसाठी.

आपली नव्हे,
छोट्या लाइनीची एक जुनी प्रवासी